बाईंचं वाक्य

परवानगी हवी होती, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत होतो. गळ्याभोवती चादर, दोन्ही हात चादरीखाली, अर्ध्या गालावर साबण, आणि फोन न्हाव्याने माझ्या कानाशी धरलेला, कारण वाजलेला फोन मला सोडवत नाही. "ओळखलंत का? मी कोर्टातली. शॉर्टहँडवाली." ओळखलं. न ओळखायला काय झालं. ज्याचं काही आपण उचललेलं असतं त्याचा आवाज आपल्याला झोपेतसुद्धा ओळखू येतो. "माझं एक लहानसं पुस्तक येतंय हो," बाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्या, त्यातून जे काही सुचलं त्याचं. प्रकाशक म्हणतात, ते दाराचं वाक्य तुमचं आहे, तुमच्या कार्यक्रमातलं. तुम्हाला विचारल्याशिवाय घेता येणार नाही म्हणतात. सगळं पुस्तक त्याच्यावरच उभं आहे, म्हणून म्हटलं विचारावं. एका ओळीचं पत्र दिलंत तरी भागेल. महिनाअखेर छापायला जायचंय." मी म्हणालो, "बघतो. कळवतो तुम्हाला." अगदी हेच म्हणालो. त्यावर बाई म्हणाल्या, "सवडीनं कळवा, घाई नाही," आणि घाई होती हे त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. न्हाव्याने फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि वस्तरा पुसत म्हणाला, "मोठ्या माणसाला किती जण विचारत असतात, नाही?" मी मान हलवली. तो म्हणाला, मान हलवू नका.

वाक्य असं आहे: खोटी साक्ष देणारा माणूस आपल्या गोष्टीत स्वतःला नेहमी दाराशी उभं करतो. सगळं दिसेल इतकं जवळ, आणि निसटता येईल इतकं लांब. खरं सांगणारा खोलीच्या मधोमध असतो, हातात काहीतरी असतं त्याच्या, भांडं, कपडा, पोर, आणि त्याला अर्धं दिसलेलंच नसतं. हे वाक्य बाईंचं आहे. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत त्यांचं. माझं त्यात काही असेल तर ते एवढंच, की मी ते नीट उच्चारलं.

आमचा कार्यक्रम 'पाऊण तास'. चपलांच्या दुकानाच्या वरची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी पडदे, आणि तरीही खालचा हातोडा अधूनमधून तत्त्वज्ञानाच्या मध्ये वाजतो. आठवड्यातून एकदा शहरातलं एक छोटं रेडिओ केंद्र तो लावतं आणि मग तो लोकांच्या फोनमध्ये कायमचा राहतो. कुणाच्या मालकीचा नाही, कुणाची जाहिरात करत नाही, असं मी सुरुवातीला म्हणतो. खाली जाणारा सूर लावून म्हणतो. मी आणि सुई, एवढेच आम्ही. सुई म्हणजे आमची संपादक. बारीक, सरळ, आणि तिने घातलेला टाका कुणाच्या बापाला दिसत नाही, म्हणून सुई. पाहुण्याचं खोकणं काढायचं, अडखळणं काढायचं, एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याला लावायचं, ही तिची कामं. माझे प्रश्न मी नंतर पुन्हा बोलून घेतो. यात गैर काही नाही, सगळेच करतात. समोर माणूस बसलेला असताना आपण चाचपडत विचारतो, 'म्हणजे ते जे तुम्ही मगाशी, त्याचं काय ते', आणि ते ऐकणाऱ्याच्या माथी कशाला मारायचं? मग पाहुणा गेल्यावर मी एकटा बसतो आणि तोच प्रश्न धुऊन, इस्त्री करून बोलतो. उत्तर त्यांचं खरं, प्रश्न माझा सुधारलेला. वर्षानुवर्षं मी असाच हुशार झालो आहे.

बाई आल्या त्या दिवशी सुई नव्हती, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाईंनी जिना चढून आल्यावर दोन मिनिटं दम खाल्ला, मग खुर्चीत ताठ बसल्या, पर्स मांडीवर, पर्सवर हात. मी माइक त्यांच्या तोंडाशी आणला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि विचारलं, "असं बसलं तर चालेल?" "हो. असंच. अगदी असंच बरं आहे," त्या म्हणाल्या. मग आम्ही दीड तास बोललो. खरं म्हणजे मीच बोललो. न्याय, स्मृती, भाषा, सत्याचं स्वरूप, काय काय म्हणून मी त्यांच्यासमोर मांडलं. त्या ऐकत होत्या. आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकून घेण्याचीच नोकरी केलेली बाई ती. शेवटी कंटाळून म्हणा की धीर येऊन म्हणा, त्या दाराबद्दल बोलू लागल्या. अकरा मिनिटं. वाक्य सुरू करायच्या, थांबायच्या, 'नाही, तसं नाही, थांबा हं' म्हणायच्या, एका बाईची साक्ष सांगायच्या, एका चुलत्याची, एका शेजाऱ्याची. "हे सगळे दाराशी कसे हो? इतके जण दाराशी? मी तरी कधी दाराशी उभी नसते, मला वेळ कुठे असतो?" आणि अकराव्या मिनिटाला ते वाक्य त्यांना सापडलं. मला आठवतंय, माझ्या पोटात तेव्हा काहीतरी लकाकलं, आणि मला वाटलं तो आनंद आहे. आनंद कसला, हाव होती ती. शेवटी नेहमीप्रमाणे मी म्हणालो, आता अर्धं मिनिट कुणीच काही बोलायचं नाही. खोलीची नुसती शांतता आम्ही घेऊन ठेवतो, कापलेल्या जागी भरायला लागते. "हे बरं आहे," बाई म्हणाल्या, आणि इतक्या मन लावून गप्प बसल्या की श्वास ऐकू येईना.

त्या आठवड्याचा भाग मलाच जोडायचा होता. दुपारची वेळ, खाली हातोडा बंद, मालक जेवायला गेलेला. अकरा मिनिटं फार होती. फार म्हणजे, पाऊण तासात बसत नव्हती असं मी स्वतःला सांगितलं, आणि न्याय, स्मृती वगैरेंची माझी एकवीस मिनिटं मात्र बसली. मी विचार केला, मुद्दा तर आलाच पाहिजे. मग मी माइकसमोर बसलो आणि प्रश्न म्हणून, नुसता प्रश्न म्हणून, बोललो: "मला कधीकधी वाटतं बाई, की खोटी साक्ष देणारा माणूस आपल्या गोष्टीत स्वतःला नेहमी दाराशी उभं करतो..." आणि पुढचं सगळं. पहिल्याच खेपेला जमलं. आवाज असा काही लागला होता की मलाच भरून आलं. आता उत्तर हवं होतं. बाईंनी होकार द्यायला हवा होता, आणि दीड तासात बाईंनी मला एकदाही धड होकार दिलेला नव्हता. शेवटी तो सापडला, अगदी सुरुवातीला, खुर्चीपाशी. 'हो. असंच. अगदी असंच.' 'बरं आहे' कापलं. प्रश्न आणि होकार यांच्यामध्ये मी दोन सेकंदांची शांतता घातली, विचार करून उत्तर दिल्यासारखी. ती शांतताही बाईंचीच होती.

साडेतीन वर्षं झाली त्याला. वाक्य सुटलं ते सुटलंच. लोकांनी पाठवलं एकमेकांना, कुणी सुंदर अक्षरात लिहून खाली माझं नाव घातलं, एका कॉलेजात वकिलीच्या मुलांसमोर मला भाषणाला बोलावलं, विषय काय तर 'दाराशी उभा माणूस'. मी गेलो. तिथे एका मुलीने विचारलं, तुम्हाला हे कसं सुचलं? मी खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणालो, "अशा गोष्टी सुचत नाहीत, त्या आपल्याकडे चालत येतात." टाळ्या पडल्या. आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात. तेव्हा तापल्या नाहीत, आणि खरी लाज कसली असेल तर त्याचीच. चोरी एका दुपारची. ही टाळ्यांची भूक साडेतीन वर्षांची.

साडेतीन तरी कशी म्हणू? आमची ताई हळू बोलायची. जेवताना सगळे एकत्र बसायचो, ती वरणभात कालवता कालवता खाली बघून काहीतरी असं म्हणायची की ऐकणारा हसून हसून पडावा, पण ऐकायचं कोण? मी शेजारी बसायचो. मला ऐकू यायचं. मग मी तेच मोठ्यानं म्हणायचो, जरा हातवारे करून, आणि आबा खो खो हसायचे, आई म्हणायची, भारी वात्रट आहे कार्टं. ताई पहिल्यांदा माझ्याकडे बघायची. पुढे पुढे बघेनाशी झाली. पुढे पुढे तर ती मलाच सांगायला लागली, माझ्या कानात, म्हणजे मी मोठ्यानं म्हणावं म्हणून. आणि मी ते प्रेम समजत आलो. असेलही प्रेम. पण लग्नानंतर तिच्या घरी गेलो होतो तेव्हा तिचा नवरा म्हणाला, "तुम्हा भावंडांत विनोदी तुम्हीच, ही अगदीच अबोल," आणि ताई चहा गाळत होती, तिने गाळणी झटकली, एवढंच. मी तेव्हाही काही बोललो नाही. मूग गिळून बसणं मला जमतं, बोलणं हा धंदा असूनही.

न्हाव्याकडून आल्यावर मी पत्र लिहायला घेतलं. 'सदर वाक्य वापरण्यास माझी हरकत नाही.' हरकत नाही! वा रे वा. कागद फाडला. मग लिहिलं, 'सदर वाक्य मुळात आपलेच असून'. हे पत्र प्रकाशकाच्या टेबलावर जाणार, तो विचारणार, मग त्या भागात तुम्ही काय बोलताय? तोही फाडला. असे तीन आठवडे काढले. तीन आठवड्यांत तीन भाग केले, त्यातला एक प्रामाणिकपणावर. खोटं सांगत नाही. रोज सकाळी वाटायचं आज फोन करू, दुपारपर्यंत वाटायचं जेवून करू. त्यांचा फोन पुन्हा आला नाही, आणि मला त्याचं बरं वाटत होतं. मनात म्हणायचो, बाई विसरल्या असतील. बायको एकदा म्हणाली, "तुझं काहीतरी बिनसलंय. कुणाला फोन करायचा राहिलाय का?" तिला काही माहीत नव्हतं, तिने सहज म्हटलं होतं, आणि मी तिच्यावर वस्सकन ओरडलो की मला माझं कळतं. ती उठून गेली. महिना संपायला चार दिवस असताना मी खोलीवर गेलो. मूळ ध्वनिमुद्रण शोधायला. ते असलं तर दाखवता येईल, नसलं तर, आणि हे मी खरंच मनात म्हणालो, नसलं तर प्रश्नच मिटला.

सुई कानांवर हेडफोन लावून बसली होती. मी कपाटातली खोकी उगाच वरखाली करत राहिलो. ती न वळता म्हणाली, "खालच्या कप्प्यात, डावीकडे. कोर्टातल्या बाई." मी म्हणालो, "तुला कसं कळलं काय शोधतोय?" तिने हेडफोन गळ्यात घेतले. "महिनाभर तुम्ही त्याच कपाटाकडे बघताय, दादा." मग म्हणाली, "मी ऐकलंय ते." "कधी?" "तेव्हाच. आईला घरी सोडून दुसऱ्या दिवशी आले तेव्हा. दोन सेकंदांची शांतता तुम्ही कधी ठेवत नाही, तुम्हाला दम नसतो तेवढा. म्हटलं बघू तरी काय केलंय." साडेतीन वर्षं ही पोरगी माझ्यासमोर बसून माझे प्रश्न ऐकत होती. "बोलली का नाहीस?" मी विचारलं, आणि चक्क जरा चिडून विचारलं, जणू चूक तिची. ती म्हणाली, "पहिलं वर्षभर मला वाटलं तुम्ही बोलाल. मग वाटलं, आता बोलले तर मला दुसरीकडे काम शोधावं लागेल. मग सवय झाली." तिने हेडफोन पुन्हा लावले. मला तिचं रागावणं परवडलं असतं.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बसमध्ये मांडीवर ध्वनिमुद्रक धरून बसलो होतो आणि वाटेत मी काय करत होतो तर कबुलीची जुळवाजुळव. 'आज एक कठीण गोष्ट सांगायची आहे.' इथे थोडं थांबायचं. 'साडेतीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, मी.' पुन्हा थांबायचं. आवाज कुठे बारीक करायचा तेही ठरलं. शेवटी एक ओळ सुचली, इतकी सुरेख की मी खिशातून पेन काढलं. काढलं, आणि तसाच बसलो. लोक बघायला लागले असतील बहुतेक, कारण शेजारचे गृहस्थ म्हणाले, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, नाही.

दार सुनेनं उघडलं आणि ती आत निघून गेली. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, साडेतीन वर्षांत बऱ्याच बारीक झालेल्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. "अहो, कशाला आलात एवढं लांब? मी म्हटलं ना, सवडीनं." मी म्हणालो, पत्र... त्या म्हणाल्या, "ते राहू द्या आता. गेलं पुस्तक, मागच्या गुरुवारी. प्रकाशकांनी महिनाअखेरीच्या आधीच मागून घेतलं. तुमचा काही निरोप आला नाही, म्हटलं नको, कुणाचं कशाला घ्यायचं? ते प्रकरण काढून टाकलं." सगळं त्याच्यावरच उभं होतं ना, मी विचारलं. "हो, मग जरा बारीकच झालं. आठवणी म्हणून छापतायत. ठीक आहे की." मग त्या हसल्या. "तुम्हाला सांगते, वय झालं की काय होतं बघा. मला ते वाक्य माझंच वाटत होतं. इतकं वाटत होतं, सुनेशी वाद घातला. मग तिने तुमचा तो भाग लावला, तर तुम्ही बोलताय आणि मी आपली म्हणतेय, हो, अगदी असंच. माझाच आवाज. जन्मभर कोर्टात दुसऱ्यांना सांगत आले की बाबांनो, रेकॉर्डवर जे आहे ते आहे. म्हटलं, गेली आपली अक्कल. डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आले. त्यांनी चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं. तसं काही नाही म्हणाले, पण तेव्हापासून मला माझा भरवसा वाटत नाही. गॅस बंद केला का तेसुद्धा हिला विचारते. पहिल्या पानावर आभार मानलेत हं तुमचे."

बसमधलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. यंत्र टेबलावर ठेवलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा काढून ते नीट लावले. अकरा मिनिटं त्या ऐकत होत्या आणि अकरा मिनिटं मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो. टेबलावरच्या गोळ्यांच्या डब्यावर वार लिहिलेले होते, ते वाचत होतो. मध्येच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हो, तो चुलता." थोड्या वेळानं नुसत्याच हसल्या. संपल्यावर मी ते मागे नेऊन सुरुवात ऐकवली, खुर्चीची. 'असंच. अगदी असंच बरं आहे.' त्यांनी हेडफोन काढले, तारेची घडी घातली. मला वाटलं आता रडतील, किंवा हाकलतील, आणि खरं सांगायचं तर हाकललं असतं तर फार उपकार झाले असते. त्या म्हणाल्या, "बरं बोलले होते की मी." पुन्हा म्हणाल्या, "चांगलं बोलले होते." मग आत हाक मारली, "अगं, इकडे ये, ते माझंच आहे," आणि तो आवाज मी कुठेच कापू शकलो नसतो.

सून दारात येऊन उभी राहिली. बाई माझ्याकडे वळल्या. "हे कसं केलंत ते सांगा. सगळं. मी उतरवून घेते." खिडकीतली वही त्यांनी ओढली, पेन्सिल घेतली. मी सांगत गेलो आणि त्यांची पेन्सिल माझ्या पुढेपुढेच चालत होती. मी म्हणालो, चार वर्षं, आणि त्यांनी वर न बघता विचारलं, "चार की साडेतीन?" साडेतीन. मी म्हणालो, वेळेच्या अभावी, आणि त्या थांबल्या. "तुम्ही किती मिनिटं बोलला होतात त्या भागात?" एकवीस. त्यांनी एकवीस लिहिलं. मग वाचून दाखवलं, कोर्टातल्या सपाट आवाजात, एकही शब्द वर नाही की खाली नाही, आणि त्या आवाजात ते फक्त एवढंच होतं, की एका माणसानं एका बाईचं घेतलं, आपलं म्हणून सांगत फिरला, आणि तिने विचारलं तेव्हा बघतो म्हणाला. बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आहे. मी सही केली.

"येत्या भागात घेतो," मी म्हणालो, "सुरुवातीलाच. मी स्वतः वाचतो, माझ्या आवाजात."

बाईंनी वही आपल्याकडे ओढली. रागावल्या नव्हत्या त्या, हेच कठीण होतं. समजावल्यासारख्या म्हणाल्या, "नको. तुम्ही वाचलंत तर लोकांना ते चांगलं वाटेल. म्हणतील, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. मी वाचते. यंत्र आणलंच आहे ना?"

त्यांनी चष्मा लावला, पदर सारखा केला. मी बटण दाबलं आणि माइक त्यांच्यासमोर धरला. दोन्ही हातांनी धरला.